ल मॉर्नचं विंडसर्फिंग पॅकेज: २,०१,१०० रुपयांना चुना

‘डिसेंबर म्हणजे ल मॉर्नचा पीक विंड सीझन.’ एजंटच्या कोटेशनमधलं हे एक वाक्य खरं तर फसवणूक ओळखायला पुरेसं होतं. मॉरिशसच्या त्या नैऋत्य टोकाला भरवशाचा वारा असतो तो तिकडच्या हिवाळ्यात, जून ते सप्टेंबर. तेव्हा आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात. डिसेंबरात तिथे उन्हाळा, वारा लहरी आणि वर चक्रीवादळांचा मोसम.

खाली सामानाची यादी: ४.७ चौरस मीटरचं शीड आणि ४६० सेंटिमीटरचा मास्ट, म्हणजे शिडाची काठी! या शिडाला ३७० नाहीतर ४०० लागतो; ४६० हा सात मीटर आणि त्याहून मोठ्या शिडांचा. शिवाय ‘नवशिक्यांसाठी वन आय’. ती लाट प्रवाळावर फुटते, तिथे मुरलेलेही जपून जातात. हे सगळं एकाच पानावर, आणि आम्ही ‘टायपिंगची चूक असेल’ म्हणून सोडून दिलं. फोनवरचा माणूस अस्सल मराठी बोलत होता हो, आणि मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत हे काही खोटं नाही. कोणालाही पटलं असतं.

तिघांचं राहणं आणि बोर्ड-शिडाचं भाडं प्रत्येकी ४८,०००, म्हणजे १,४४,०००. ‘व्हिसा फी’ प्रत्येकी ६,२००, म्हणजे १८,६००. भारतीय पर्यटकाला तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, फी तर नाहीच! सोबत न्यायच्या एका बोर्डाचं ‘फ्रेट’ ३८,५००. बोर्डाचे पैसे विमान कंपनीलाच भरायचे, लांबी आणि वजन आधी कळवून. मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका.

भाड्याच्या दुकानाला विचारा: ७५ किलोच्या माणसाला २० नॉट्सच्या वाऱ्यात कोणतं शीड द्याल? खरा दुकानदार आधी उलटा प्रश्न करतो: बोर्ड किती लिटरचा, म्हणजे केवढा, आणि तुम्हाला येतं किती?

फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तासाभरात. पैसे पुढे सरकले की संपलं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘हा दिवाणी मामला आहे.’ मग, ‘आमच्या हद्दीत नाही.’ नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, हे आम्ही त्यांना सांगायचं! शेवटी सल्ला, मॉरिशसच्या पोलिसांना लिहा. पैसे गेले ते खातं कुठलं, तर भारतातलं! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. रक्कम गोठवली का विचारलं की बँक पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस बँकेकडे. हातात फक्त पोच क्रमांक.

आमच्या कोटेशनमधले फोटो आता झांझिबारच्या पॅकेजवर फिरताहेत. मास्ट अजून ४६०च.