गराज सेल, मूव्हिंग सेल, इस्टेट सेल: कुठे काय घ्यावं, भाव कसा करावा

अमेरिकेत ही तीन नावं एकाच दमात घेतली जातात, पण ती तीन वेगळ्या प्रकारची दुकानं आहेत. तिन्हीकडे विकणाऱ्याची निकड वेगळी असते, आणि जुन्या वस्तूचा भाव वस्तूपेक्षा त्या निकडीवर जास्त ठरतो.

साध्या गराज सेलमध्ये (यार्ड सेल म्हणा, टॅग सेल म्हणा, प्रकार तोच) घरमालकाला जागा मोकळी करायची असते. संध्याकाळी उरलेलं सामान पुन्हा आत नेऊन ठेवायचा त्याला मनापासून कंटाळा असतो. मूव्हिंग सेलमध्ये घर सोडायची तारीख ठरलेली असते, ट्रक सांगून झालेला असतो आणि सोफा, टेबल, लॉनमोवर, कुंड्या यांना त्यात जागा नसते. इस्टेट सेल बहुतेक वेळा कमिशनवर काम करणारी कंपनी चालवते. घरातलं माणूस वारलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात गेलेलं असतं आणि अख्खं घर विकायला काढलेलं असतं. तिथल्या किमती अभ्यास करून लावलेल्या असतात, पहिल्या दिवशी त्या फारशा हलत नाहीत. शेवटच्या दिवशी मात्र बऱ्याच ठिकाणी २५ ते ५० टक्के उतरतात.

म्हणून मोठं फर्निचर मूव्हिंग सेलमध्येच बघावं. हत्यारं, शिवणयंत्रं, लोखंडी भांडी यांना इस्टेट सेलसारखी जागा नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षं एकाच हातात राहिलेल्या वस्तू तिथे मिळतात. मुलांची पुस्तकं, सायकली, बोर्ड गेम, कपाटात पडून राहिलेली स्वयंपाकघरातली यंत्रं यासाठी गराज सेल. चर्चच्या रमेज सेलमध्ये (लोकांनी दान दिलेल्या वस्तूंची विक्री) शेवटच्या तासाला अनेकदा ‘पिशवी भरा, ठरावीक पैसे द्या’ असं असतं. कपडे घ्यायचे तर तेव्हाच जावं.

शोध गुरुवारी रात्री सुरू करावा. क्रेगलिस्ट, फेसबुक मार्केटप्लेस, नेक्स्टडोअर यांवर जाहिराती तोवर लागलेल्या असतात. इस्टेट सेलच्या वेगळ्या वेबसाइट आहेत आणि तिथे घरातल्या बहुतेक वस्तूंचे फोटो असतात. ते फोटो नीट बघितले तर निम्मे हेलपाटे वाचतात. ‘कम्युनिटी-वाइड’ किंवा ‘मल्टी-फॅमिली’ लिहिलेली जाहिरात आधी निवडावी, कारण एकदा गाडी लावली की चालत दहा-वीस घरं होतात. उत्तरेकडच्या राज्यांत हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. फ्लोरिडा, ॲरिझोनात उलट, तिथे हिवाळा बरा. विद्यापीठांच्या गावात मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होतात तेव्हा छोटे फ्रिज, दिवे, टेबलं कवडीमोलाने जातात. बॉस्टनमध्ये बरेच भाडेकरार १ सप्टेंबरला पालटतात, त्या आठवड्यात फर्निचर फुटपाथवर फुकट पडलेलं असतं. फुकटच्या फर्निचरबद्दल सावधगिरी पुढे सांगतो. आणि ज्यांना चार दिवस फक्त हेच करायचं आहे त्यांच्यासाठी ‘१२७ यार्ड सेल’ आहे. १९८७मध्ये सुरू झालेला हा सेल दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत भरतो. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅडस्डेनपर्यंत सुमारे ६९० मैलांच्या रस्त्यावर. तो सगळा बघणं अशक्य आहे. पन्नास-साठ मैलांचा एक टप्पा निवडावा.

सोबत काय न्यायचं ते महत्त्वाचं आहे, कारण तपासता न आलेल्या वस्तूचा भाव करता येत नाही. मोजपट्टी, टॉर्च, लोहचुंबक, डबल-ए आणि ट्रिपल-ए बॅटऱ्या, स्क्रू-ड्रायव्हर, कापडाचा तुकडा आणि दोऱ्याचं रीळ, गाडीत जुनी चादर आणि दोरी. डिकीच्या तोंडाची रुंदी आणि उंची फोनमध्ये लिहून ठेवावी. टेबल घेतल्यावर ते गाडीत मावत नाही हे कळणं फार महागात पडतं. पैसे सुट्टे हवेत: एक डॉलरच्या वीस नोटा, पाचच्या सहा, दहाच्या चार आणि थोडे क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी). सकाळी साडेसातला शंभराची नोट पुढे केली तर भाव करायचा हक्कच संपतो.

आता तपासणी, कारण खरे पैसे इथे वाचतात.

किचनएडचा स्टँड मिक्सर हा सेलमधला सगळ्यात चांगला सौदा ठरू शकतो. १९८६पर्यंत हे मिक्सर हॉबार्ट कंपनीचे होते, नंतर व्हर्लपूलकडे गेले. पाटीवर हॉबार्टचं नाव असेल तर यंत्र जुनं आहे आणि बहुधा दणकटही. तरी नावावर जाऊ नये, प्लग लावायला सांगावं. सगळ्यात कमी वेगावर ते हात न लावता सुरू झालं पाहिजे. नंतर प्रत्येक वेग लावून बघावा. करकर किंवा दात निसटल्यासारखा आवाज आला तर आतलं वर्म गिअर झिजलेलं आहे. हा भाग मुद्दामच मऊ केलेला असतो, जास्त भार आला तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. भाग स्वस्त मिळतो, पण जुनं ग्रीस खरवडून नवं भरण्यात दुपार जाते. तेवढे पैसे भावातून कमी करून मागावेत. डोक्याखालून तेल गळत असेल तर घाबरू नये: यंत्र बरेच दिवस पडून राहिलं की ग्रीसमधलं तेल वेगळं होतं. डोकं लॉक करूनही डुगडुगत असेल तर बिजागरीची पिन सैल आहे, ती ठोकून बसवता येते. जळका वास मात्र आला तर हात जोडून निघावं. बाउल, बीटर आणि कणीक मळायचा हुक तिन्ही आहेत ना बघावं, सुटे घेतले तर स्वस्तातला मिक्सर स्वस्त राहत नाही.

भारतीय कुटुंबाच्या मूव्हिंग सेलमध्ये मिक्सर-ग्राइंडर हमखास असतो. तो उलटा करून पाटी वाचावी. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तरच घ्यावा. २२०-२३० व्होल्टचा इथे धापा टाकत फिरतो, आणि ट्रान्सफॉर्मर लावायचा तर ७५० वॉटच्या मिक्सरला त्याहून बराच मोठा, जड ट्रान्सफॉर्मर लागतो.

बिडाचा तवा किंवा स्किलेट सपाट जागी ठेवून कडांवर बोटाने दाबून बघावा. हलला तर तो वाकलेला आहे. गॅसवर चालेल, काचेच्या सपाट शेगडीवर नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारावी: घंटेसारखा नाद आला पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. वरवरचा तांबडा गंज दोष नाही, स्टील वूलने घासून, तेल लावून, ओव्हनमध्ये तापवला की जातो. खड्डे पडलेला गंज जात नाही. तव्यावरचा ८ हा आकडा इंच नव्हे, तो जुन्या चुलीच्या तोंडाचा क्रमांक आहे. अशा स्किलेटचा वरचा व्यास साधारण साडेदहा इंच भरतो. ग्रिसवोल्ड, वॅगनर ही नावं दिसली की विक्रेते किंमत चढवतात. घावन-आंबोळ्या करायच्या असतील तर बिननावाचा, आतून गुळगुळीत घासलेला तवाही तितकाच चांगला. एक इशारा: काही लोकांनी असे तवे शिसं वितळवायला वापरलेले असतात, मासेमारीची वजनं किंवा गोळ्या ओतायला. आत राखाडी-चंदेरी डाग किंवा थेंब दिसले, किंवा तवा मासेमारीच्या सामानात ठेवलेला असला, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

जुन्या कॉर्निंगवेअरच्या पांढऱ्या भांड्यांबद्दल थोडक्यात: १९५८पासून आलेली मूळ भांडी काच-सिरॅमिकची आहेत आणि थेट शेगडीवर चालतात, नंतरची स्टोनवेअरची तडकतात. तळाशी लिहिलेलं वाचावं, नक्षीवरून ठरवू नये.

शिवणयंत्राचं चाक आधी हातानेच फिरवावं. जड फिरत असेल तर बहुधा तेल वाळलंय, ते सुटतं. अजिबात फिरत नसेल तर सोडावं. १९३० ते ५०च्या काळातल्या सिंगर यंत्रांच्या वायरीचं रबर तडकलेलं असेल तर प्लग लावूच नये. बॉबिन केस जागेवर आहे का आणि पायाचा कंट्रोलर सोबत आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय भाव काढू नये. नंतर आपलं कापड घालून टाके घालून बघावेत, वरून आणि खालून. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांत प्लॅस्टिकचे गिअर आहेत, ते वयाने तडकतात. त्यापेक्षा त्याआधीचं सगळं लोखंडी यंत्र घ्यावं.

सायकलच्या साखळीचे पिनेपासून पिनेपर्यंत १२ पूर्ण दुवे (आतला आणि बाहेरचा मिळून एक) मोजावेत. बारा इंचांहून एक-अष्टमांश इंच किंवा जास्त भरले तर साखळी संपली आणि मागची दातेरी चक्रंही बहुधा बदलावी लागतील. बॅटरीवर चालणारं ड्रिल बॅटरी मेलेली असेल तर भेट म्हणूनही नको, नवी बॅटरी अनेकदा ड्रिलहून महाग. हातोड्या, पाने, छिन्न्या, करवती मात्र डोळे झाकून घ्याव्यात.

लाकडी कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढावा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत बसवलेले असतील तर काम चांगलं आहे. भुसा दाबून केलेली फळी तळाशी फुगली असेल तर पाणी लागलेलं आहे, ती पुन्हा बसत नाही. आणि आता फुकटच्या सोफ्याची गोष्ट: टॉर्चने शिवणी, स्क्रूची भोकं, खणांचे आतले कोपरे बघावेत. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके म्हणजे ढेकूण. गादी कुठूनही, कुणाकडूनही घेऊ नये.

भाव करताना रास्त किंमत माहीत हवी. फोनवर ईबे उघडून ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावावा. मागितलेल्या किमती काहीही असतात, खरी किंमत विकलेल्यांतच दिसते. एक-दोन डॉलरच्या वस्तूवर घासाघीस करू नये, त्यात मान जातो आणि पुढच्या मोठ्या वस्तूचा भाव बिघडतो. त्याऐवजी चार-पाच वस्तू एकत्र करून हातात धराव्यात आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा विचारावा. इथे सवलत सगळ्यात सहज मिळते, कारण विकणाऱ्याचं एक अख्खं टेबल मोकळं होतं.

एकेका वस्तूसाठी मागितलेल्याच्या साधारण दोन-तृतीयांशापासून सुरुवात करावी. चिठ्ठी २० डॉलरची असेल तर १२ म्हणावं, १५ला तुटतं. निम्म्याच्या खाली पहिला आकडा काढला तर अमेरिकन माणूस पुढे बोलतच नाही. ‘शेवटचं किती?’ हा आपल्याकडचा प्रश्न इथे चालत नाही. आकडा आपणच सांगावा, ‘बारा घ्याल का?’ असा, नोटा हातात दिसतील अशा, आणि मग गप्प राहावं. वस्तूला नावं ठेवू नयेत, ती कुणाच्या तरी आईची असते. तपासणीत सापडलेला दोष शांतपणे दाखवावा: ‘गिअर बदलावं लागेल, त्याचे पैसे धरून पंचवीस देऊ शकतो.’ याला उत्तर देणं सोपं असतं. नाही म्हणाले तर हसून फोन नंबर ठेवावा आणि दुपारी बारा-एकला परत यावं. सकाळचे ४० दुपारी २० होतात. फक्त एक धोका: खरोखर चांगली वस्तू दुपारपर्यंत राहत नाही. शिवणयंत्र, हत्यारांची पेटी, बिडाचं भांडं रास्त भावात दिसलं तर सकाळीच मागितलेले पैसे देऊन उचलावं. जाहिरातीतल्या वेळेआधी दार वाजवू नये. मोठी वस्तू घेऊन गाडी आणायला जायचं असेल तर पैसे देऊन ‘सोल्ड’ची चिठ्ठी लावून घ्यावी आणि त्यातला एक खण किंवा उशी सोबत न्यावी. झेल (Zelle) या बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या सेवेने पाठवलेले पैसे परत मागवता येत नाहीत, म्हणून वस्तू ताब्यात येण्याआधी ते पाठवू नयेत.

लहान मुलांच्या सामानात स्वस्ताईचा विचारच करू नये. बाजू खाली सरकणारे पाळणे २८ जून २०११पासून विकायला बंदी आहे, तरी ते माळ्यावरून निघतात. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले हा झोपाळा एप्रिल २०१९मध्ये परत मागवला गेला, सुमारे ४७ लाख नग. गाडीतल्या सीटवर मुदत छापलेली असते आणि अपघातात सापडलेली सीट बाहेरून ओळखू येत नाही. हेल्मेटचंही तेच. १९७८च्या आधी रंगवलेल्या खेळण्यांत, पाळण्यांत शिसं असू शकतं. मोठ्यांच्या वस्तूंतही ह्युमिडिटी काढणारे डीह्युमिडिफायर जपून घ्यावेत: ग्री कंपनीने बनवलेले, अनेक ब्रँडच्या नावांनी विकलेले लाखो नग आगीच्या धोक्यामुळे २०१३मध्ये परत मागवले गेले. मॉडेल नंबर सीपीएससीच्या (ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता बघणारी अमेरिकन सरकारी संस्था) साइटवर टाकायला एक मिनिट लागतं. परत मागवलेली वस्तू विकणं २००८च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो ड्राइव्हवेवर टेबल मांडून बसलेल्यालाही लागू आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, सांगितलं की ते स्वतःच वस्तू बाजूला ठेवतात.

घरी आल्यावर, ढेकूण सोबत आले असतील तर मरावेत म्हणून, कपडे, पडदे, कापडी खेळणी थेट ड्रायरमध्ये, जास्तीत जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास. ड्रायरमध्ये न चालणारी पुस्तकं, चपला, फोटोफ्रेम बंद पिशवीत घालून शून्य अंश फॅरेनहाइटच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवाव्यात. तोपर्यंत बाकीचं सामान गराजमध्येच राहू द्यावं.