आधी बोलणं की आधी बाराखडी?

सोसायटीच्या हॉलमध्ये अमराठी शेजाऱ्यांसाठी हौसेने मराठीचा वर्ग सुरू करायचा म्हटलं, की शिकवणाऱ्याचं इथेच अडतं. समोर कोण बसलंय ते आधी पाहा.

हिंदी भाषकांना बाराखडी गिरवायला लावलीत, तर दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या. लिपी तीच; नवीन काय, तर 'ळ' आणि च-ज-झचे दोन-दोन उच्चार ('चार' आणि 'चाक' एकापाठोपाठ म्हणून घ्या, कानाला लगेच कळतं). त्यांचं घोडं पेंड खातं ते सामान्यरूपापाशी, म्हणजे 'वर'सारखं काही जोडताना मूळ शब्द बदलतो तिथे: 'रस्त्यावर'चं 'रस्तावर' होतं. 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना त्यांच्याकडे 'हम'च. हे पाटीवर लिहून सुटत नाही, बोलूनच सुटतं.

तमिळ भाषकांचं उलट. 'ळ' घरचाच, आपण-आम्ही हा भेदही 'नाम्-नांगळ्'मुळे ओळखीचा. लिपी मात्र परकी, आणि त्यांच्या लिपीत क-ख-ग-घ या चौघांना एकच अक्षर. म्हणून बाराखडी आधी घ्यावीशी वाटते. पण मग महिनाभर अक्षरं घोटूनही भाजीवाल्याशी बोलता येत नाही, आणि माणूस आला होता त्यासाठीच. गुजराती भाषकांना 'ळ', नपुंसकलिंग, 'आपणे-अमे' सगळंच ठाऊक. त्यांची जोडी अडखळणाऱ्यांशी लावा.

मिश्र वर्गात आमचा कौल बोलण्याला. तासाभरात एकच प्रसंग, सहा वाक्यं: 'भेंडी कशी दिली?', 'पाव किलो द्या'. दोघादोघांत म्हणायचं, मग गिऱ्हाईक-विक्रेता अदलाबदल. बाराच्या वर माणसं घेतलीत, तर जोड्यांकडे लक्ष राहत नाही.

यातही खड्डे आहेत. बाई शिकवत असल्या तर पुरुषही 'मी जाते' म्हणू लागतात; पहिल्या दिवसापासून एक पुरुषी आवाज सोबत हवा. दुसरं म्हणजे लोक रोमन लिपीत टिपून घेतात, आणि तिथे 'काल' आणि 'काळ' एकच होतात. यासाठी दुसऱ्या आठवड्यापासून शेवटची दहा मिनिटं लिपीला द्या, रोज तीनच अक्षरं, वर्णमालेच्या क्रमाने नव्हे. सुरुवात आकड्यांनी करा. मुंबईत बसच्या कपाळावर ते मराठीत असतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडतात. मग 'दादर': 'द' आणि 'र' ही दोनच अक्षरं, एक काना, आणि अख्खं स्टेशन वाचता येतं.