रीमॅप केलेल्या डिझेल स्विफ्टचे ब्रेक: एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

गाडी दुसऱ्या पिढीची स्विफ्ट झेडडीआय. इंजिन १२४८ सीसीचं, कंपनीचा आकडा ७५ पीएस पॉवर आणि १९० एनएम टॉर्क. त्यावर रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), मोकळा एक्झॉस्ट, गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६० आर१५ टायर. रीमॅप करणारा म्हणतो पॉवर शंभराच्या आसपास गेली. पॉवर मोजणाऱ्या डायनो मशीनचा कागद माझ्याकडे नाही, त्यामुळे आकड्यावर वाद घालणार नाही. पण ट्रकला ओव्हरटेक करून परत लेनमध्ये येईपर्यंत काटा पूर्वीपेक्षा बराच पुढे गेलेला असतो, एवढं नक्की.

धुळ्याच्या कुठल्याही गॅरेजात बसा, पोरं पॉवरवर पन्नास हजार घालून आलेली दिसतील. ब्रेकवर मात्र लायनर (ब्रेकची झिजणारी पट्टी) संपल्याशिवाय कोणी रुपया काढत नाही. वेग वाढला की ब्रेकवरचा भार त्याच्या वर्गाने वाढतो. ८० वरून थांबायला जेवढी उष्णता जिरवावी लागते, त्याच्या दीडपटीहून जास्त १०० वरून थांबायला लागते. सुरत हायवेवर काय, आग्रा रोडवर काय, कापसाची ट्रॉली उलट्या बाजूने येणार आणि म्हैस दुभाजकावरून उतरणार हे आपल्याकडे गृहीतच धरायचं असतं.

तरी सपाट रस्त्यावर मूळ ब्रेकने कधी दगा दिला नाही. एकदा करकचून दाबले की एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत चाकं धरायची. अडचण घाटात. माझी सासुरवाडी संभाजीनगरची, म्हणजे येताना कन्नड घाट उतरायचा. गाडीत चौघं, डिकी भरलेली, पुढे रांगत चाललेल्या गाड्या. निम्म्या उतारावर जळका वास यायचा आणि चाळीसगावकडच्या शेवटच्या वळणांवर पॅडल पूर्वीपेक्षा खोल जायचं, मऊ लागायचं. तोरणमाळच्या सातपायरी घाटात तर एकदा बाजूला थांबून ब्रेक निवू द्यावे लागले.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरतं. ब्रेक तापून दोन तऱ्हांनी सुटतात. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारी पट्टी. तिचं मटेरियल झेपेपलीकडे तापलं की पॅडल कडकच राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी हवी तशी थांबत नाही. पॅडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. माझं पॅडल मऊ पडत होतं. म्हणजे पहिला संशय ऑइलवर. पण ज्याला त्याला विचारलं की उत्तर एकच, "मोठी डिस्क टाक."

ब्रेकमध्ये मी सगळं एकदम बदललं नाही. एक वस्तू बदलायची, काही आठवडे चालवायची, एकदा तरी घाट उतरायचा, मग पुढची. पारोळा रोडवरच्या आमच्या मेस्त्रीला हा प्रकार पटला नाही. "भाऊ, गाडी थांबस ना? मंग आखो काय जोयजे तुले?" पण काम त्यानेच केलं, आणि नीट केलं.

सुरुवात ऑइलपासून. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाच्या, डबीत जे होतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. शेवटचं कधी बदललं होतं याची नोंद सर्व्हिस बुकात नव्हती, आणि शोरूमला दरवर्षी 'ब्रेक चेक' चे पैसे भरल्याच्या पावत्या मात्र होत्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा कोरा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल धरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. तो 'ओला' आकडा ३.७ टक्के पाण्याचा असतो. म्हणजे जुनं डॉट ४ वापरणारा माणूस कोऱ्या डॉट ३ पेक्षाही वाईट अवस्थेत घाट उतरत असतो. मी डॉट ५.१ घेतलं. ते डॉट ३ आणि ४ च्याच जातीचं आहे, त्याच सिस्टिमला चालतं. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नका. दुकानदार 'पाच म्हणजे पाच' म्हणून हातात देतो.

एअर काढताना, म्हणजे जुनं ऑइल आणि त्यातली हवा बाहेर काढताना, मी आत बसून पॅडल मारत होतो, मेस्त्री चाकाशी. "दाब... धर... सोड." निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी तपकिरी, मग धुरकट, मग पिवळसर स्वच्छ ऑइल बाटलीत उतरताना दिसतं. मागच्या डाव्या चाकाला चांगला वेळ लागला, बुडबुडे संपेचनात. दोन थेंब फेंडरवर पडले, लगेच पाणी मारलं. हे ऑइल रंग खातं, पुसत बसू नका, धुवा.

खर्च मजुरीसकट दीड हजाराच्या आत. पुढच्या वेळी कन्नड घाट उतरलो, पॅडल खालपर्यंत तसंच राहिलं. वास आला, पण पॅडल खोल गेलं नाही. खरं सांगायचं तर लेख इथेच संपला असता तरी चाललं असतं.

दुसरा मोठा फरक जिथून आला ते माझ्या यादीतच नव्हतं. मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकांतली गोल डबी, जिला आतून शू दाबले की ब्रेक लागतो. मेस्त्री म्हणाला, पुढचं एवढं करतोस तर मागचं उघडून तरी बघू. ड्रम सहज निघेना, हातोडीने ठोकून काढला. आत काळ्या मातीचा आणि लायनरच्या भुकटीचा मिळून पोपडा बसलेला. आमचं शेत साक्रीकडे, पावसाळ्यात बांधापर्यंत गाडी नेतो, तो चिखल कुठेतरी जाणारच. ऑटो अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक, जे शू झिजतील तसं त्यांना ड्रमजवळ सरकवत राहतं, त्या पोपड्यात जाम झालं होतं. शू झिजत गेले, पण अ‍ॅडजस्टर सरकला नाही. त्यामुळे पॅडलचा पहिला बराच प्रवास शू ड्रमपर्यंत पोचवण्यातच जायचा, आणि मागची चाकं आपला वाटा उचलतच नव्हती. सगळा भार पुढे, म्हणून पुढचे ब्रेक तापायचे. साफ करून, अ‍ॅडजस्टरला ग्रीस लावून शू जवळ आणले. पॅडल वर आलं, हँडब्रेक पाचव्या 'कट' आवाजाला धरायला लागला. सामानाचा खर्च शून्य. ती भुकटी हवेच्या पाइपने उडवू मात्र देऊ नका. स्वस्त लायनरमध्ये काय मिसळलंय ते सांगता येत नाही. ओल्या फडक्याने काढायला लावा.

मग पॅड. पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, ती बघायची सवय लावून घ्या. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या जुन्या पॅडवर एफएफ होतं, नवे जीजी घेतले, साडेचार हजारांच्या आसपास पडले. 'रेसिंग पॅड' म्हणून जे विकतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते गार असताना धरत नाहीत, आणि सकाळी गल्लीतून निघताना पोरगं आडवं आलं तर पॅड तापायची वाट कोण बघणार?

नवे पॅड लावले की ते डिस्कवर घासून जमवून घ्यावे लागतात. शिरपूरकडे जाणारा मोकळा रस्ता गाठला आणि ६० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं बऱ्याच वेळा. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभं राहिलं तर पॅडचं मटेरियल एकाच जागी चिकटतं आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. त्याला लोक 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात आणि लेथ मारून आणतात. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच.

पॅडचा फरक पहिल्या दिवसापासून कळतो. पायाला कमी जोर लागतो, आणि घाटात शेवटपर्यंत पकड तशीच राहते. तोटे दोन. एक, काळी धूळ. माझे अलॉय सिल्व्हर आहेत, आठवड्यात करडे होतात. दोन, पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला किंचाळतात. शेजारचे काका एकदा गॅलरीतून "अरे, लायनर संपलं वाटतं!" म्हणून ओरडले. संपलेलं नव्हतं. मूळ पॅडपेक्षा हे लवकर झिजतील असं दिसतंय, अजून निम्म्याच्या वर शिल्लक आहेत.

स्टीलच्या जाळीचे होज (चाकापर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या), चारही मिळून सात हजार. रबरी होज दाबाने किंचित फुगतो, हा फुगत नाही, त्यामुळे पॅडल टणक लागतं. एवढंच. थांबायचं अंतर कमी होत नाही, कोणी सांगत असेल तर ऐकू नका. गाडी जुनी असेल आणि रबराला भेगा दिसत असतील तर होज बदलायचेच आहेत, तेव्हा हे घ्या किंवा साधे नवे घ्या, दोन्ही चालतील. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, आणि चाक लोंबकळत असताना, होज कुठे घासतोय का ते बघा. खाली बसवलेल्या गाडीत हे जास्त होतं. माझा उजवा होज स्प्रिंगला लागत होता, क्लिप फिरवून सरळ केला. जाळी घासून आतली नळी फुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि शेवटी स्लॉटेड, म्हणजे खाचा पाडलेली, डिस्क. दिसायला झकास, अलॉयमधून चमकते, पेट्रोल पंपावर पोरं वाकून बघतात. अकरा हजार घालवले आणि घाटात मला काडीचा फरक जाणवला नाही. कारण साधं आहे. डिस्क किती उष्णता पोटात घेते ते तिच्या वजनावर ठरतं. व्यास तोच, जाडी तीच, वर खाचा पाडून लोखंड उलट कमी केलेलं. मग जास्त उष्णता जाणार कुठे? खाचांमुळे पॅडचा वरचा थर साफ राहतो हे खरं, पण ते ट्रॅकवर कामाचं. आपल्याकडे त्या खाचांत माती बसते आणि हळू ब्रेक लावताना घरघर ऐकू येते. शिवाय पहिल्याच महिन्यात ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. विकणाऱ्याने फोनवर "तुमच्या फिटिंगचा दोष" म्हणून हात वर केले. डिस्क काढून हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशने घासला, गंज काढला, पुन्हा बसवली तेव्हा निम्मी थरथर गेली. उरलेली गेली नाही. आता पुन्हा साध्या, चांगल्या कंपनीच्या व्हेंटिलेटेड (मधून हवा जाणाऱ्या) डिस्क आहेत. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, जुन्या बदलायच्या आधी ती मोजून बघा, कदाचित गरजच नसेल.

मोठ्या डिस्कचं, चार पिस्टनच्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचं) किट मला दोघांनी सुचवलं. नाही घेतलं. १५ च्या रिममध्ये कॅलिपर बसेल का इथपासून प्रश्न. पुढे मोठे पिस्टन लावले की मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पॅडल लांबतं. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बिघडतं, आणि एबीएस ज्या हिशेबाने बनवलंय तो हिशेबच बदलतो. तसंही एबीएस लागतंय म्हणजे टायरची पकड संपली. त्यापुढे डिस्क ताटाएवढी केली तरी गाडी लवकर थांबणार नाही. त्या पैशात चार चांगले टायर येतात.

उन्हाळ्याबद्दल सगळे विचारतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, मग ब्रेक लवकर तापत असतील ना? फारसं नाही. घाटात डिस्क तीन-चारशे अंशांना पोचते, तिला बाहेरची हवा २५ ची की ४५ ची यानं विशेष फरक पडत नाही. ऑइलचा खरा शत्रू पावसाळा आणि काळ. माझं ऑइल आता दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी बदलायचं ठरलंय.

घाटाचं गणित एकदा करून बघा. माणसं-सामान धरून १४०० किलोची गाडी ८०० मीटर खाली उतरवली तर जी ऊर्जा जिरवावी लागते, ती १०० वरून शून्यावर साधारण वीस वेळा थांबण्याइतकी आहे. ती सगळी चार चाकांवर टाकायची की इंजिनवर, हे तुमच्या हातात. दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि ब्रेक अधूनमधून दमदार, सतत चाटत नाही. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. डिझेल गाडीत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांनंतर पॅडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पॅड, ऑइल, होज हा झिजणारा माल बदलणं वेगळं. पण तुमच्या गाडीत बाकी काय काय केलंय ते विमा कंपनीला कळवलंय का, हे क्लेम करायच्या आधी बघितलेलं बरं.

आज कोणी विचारलं तर मी क्रम असा सांगेन: ऑइल, मागचे ड्रम, टायर, मग पॅड. पहिल्या दोन गोष्टींवर दोन हजारसुद्धा जात नाहीत. होज सवडीने. स्लॉटेड डिस्क माझ्याकडे गोणपाटात गुंडाळून पडल्यात, फक्त फोटो काढण्यासाठी कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.

एक व्यवहाराची गोष्ट. जीजी पॅड धुळ्यात काय, जळगावातही काउंटरवर मिळाले नाहीत, मागवावे लागले आणि यायला आठवडा गेला. म्हणून कंपनीच्या साध्या पॅडचा एक कोरा सेट स्टेपनीच्या खाली टाकून ठेवलाय. तो चाळीसगावचा कोणताही मेस्त्री अर्ध्या तासात बसवून देतो.