मॉरिस मायनर १०००: हिवाळ्यापासून रोजच्या वापरात

इंग्लंडमध्ये राहून जुनी गाडी घ्यायची आणि ती झाकून न ठेवता रोज कामावर न्यायची असेल, तर मायनर घ्या. माझी १९६७ची आहे, चार दरवाजांची, १०९८ सीसी.

हिचं खरं सुख स्टीअरिंगमध्ये आहे. १९४८ साली बाजारात आलेल्या या साध्या घरगुती गाडीला तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रॅक-अँड-पिनियन स्टीअरिंग (दातेरी दांडा आणि छोटं चक्र) दिलं, पुढच्या चाकांना टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) दिले. खेड्यांतल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर ती सांगाल तिथे वळते. उत्पादन सुरू होण्याआधी त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंचांनी रुंद केली होती. बॉनेटवरची मधली सपाट पट्टी त्यातूनच आली. गाडी रस्ता इतका घट्ट धरते, त्यात या चार इंचांचा वाटा मोठा आहे.

ब्रेक मात्र आजच्या रहदारीला पुरत नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावंच लागतं. मी पुढे डिस्क बसवून घेणार आहे. मूळ रूप जपणाऱ्यांना ते रुचणार नाही, पण गाडीत मुलं बसतात. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, त्यामुळे ऑइल बघायचं तर आधी गालिचा उचला.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी यंत्रणा) नाही, गाडी पूर्ण थांबली की मगच तो टाकायचा. ताशी साठ मैलांच्या पुढे आवाज फार होतो, म्हणून मोटरवे मी टाळतो. पेट्रोल ई५च, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरतो. चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने रोड टॅक्स लागत नाही.

ग्रीसच्या बाबतीत हयगय नको. पुढच्या ट्रनियनला (चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्याला) ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि चालत्या गाडीचं चाक दुमडतं.

आपली अ‍ॅम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, ती ऑक्सफर्डमधल्या काउली कारखान्यातलीच, मायनरही तिथलीच. घरी आलेल्या मराठी पाहुण्यांना दोघींतलं साम्य लगेच दिसतं.

सोळा लाखांहून जास्त मायनर बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. घेताना रंगाला भुलू नका. खाली वाकून सिल (दरवाजाखालची पट्टी), मधला क्रॉसमेंबर (आडवा आधार) आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर तपासा. तिथला पत्रा गंजलेला असेल, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.