हेडलाइटला फिल्म, कोटिंग की नुसतं पॉलिश?

नवी गाडी हातात आली की ॲक्सेसरीजवाला विचारतोच, "हेडलाइटला पीपीएफ मारून देऊ का?" पीपीएफ म्हणजे वरून चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म. आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीचा मालक विचारतो, काच पिवळी पडलीय, आता फिल्म लावून काही फायदा? पहिल्याला मी बहुतेक वेळा हो म्हणतो. दुसऱ्याला सांगतो, आधी काच साफ कर.

आपण काच म्हणतो ते असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. दणकट असतं, पण त्यावर चरे पटकन पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक थर चढवतात. उन्हाने, धुळीने, खडीने तो थर झिजला की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. फिल्म पुढची झीज स्वतःवर घेते, झालेली भरून काढत नाही. पिवळ्या काचेवर लावली तर पिवळेपणा आत तसाच राहतो.

तुमची काच कुठल्या अवस्थेत आहे हे ठरवायला तिच्यावर पाणी ओता. ओली असताना नितळ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकटली, तर खराबी वरवरची आहे, पॉलिशने जाईल. ओली असूनही गढूळ राहिली तर आतून बाष्प धरलंय किंवा प्लास्टिकच खोलवर खराब झालंय. बाष्पाचं काम सील बघणाऱ्या गॅरेजवाल्याचं; तिथे फिल्मही नको आणि पॉलिशही नको.

आता फिल्म. बाजारात पीव्हीसी आणि टीपीयू अशा दोन जाती सर्रास मिळतात, आणि दुकानदार दोन्हींना बिनदिक्कत पीपीएफ म्हणतो. पीव्हीसी स्वस्त, पण ताठ. हेडलाइटच्या गोलाईवर ती ओढून बसवावी लागते, पुढे उन्हात आकसते, कडा सुटतात आणि तिथे मातीची काळी रेघ धरते. टीपीयू साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची, रबरासारखी ताणली जाते आणि सोडली की मागे येते. चांगल्या टीपीयूवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने बुजतात. दुकानात कातरण मागून हाताने ताणून बघा, फरक लगेच कळतो. टीपीयू महाग पडते, पण हल्लीच्या एलईडी हेडलाइटचं आख्खं युनिट बदलायची वेळ आली तर बऱ्याच गाड्यांना बिल पाच आकडी होतं. त्यापुढे हा खर्च किरकोळ.

लावताना कारागिराकडे लक्ष ठेवा. काच आणि फिल्मची चिकट बाजू शाम्पूच्या पाण्याने ओली करून फिल्म बसवतात, मधून कडेकडे स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढतात, वळणांवर हीट गन फिरवतात. जास्तीची फिल्म तो काचेवरच ब्लेडने कापणार असेल तर थांबवा. ब्लेड जरा खोल गेलं की ज्या थरासाठी हा खटाटोप, त्यालाच चीर. मशीनवर आधी कापून आणलेला तुकडा केव्हाही बरा. काम झाल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर (लो बीम) पाहा: प्रोजेक्टर हेडलाइटच्या उजेडाची भिंतीवरची वरची रेघ पूर्वीइतकीच धारदार हवी. ती फिसकटली तर फिल्मचा पोत खडबडीत आहे, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा प्रकाश वाढलाय. काळपट किंवा पिवळी फिल्म तर नकोच. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात आहे तोच उजेड कमी पडतो.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे द्रव लावून वाळवलेला थर. त्याने काचेवर पाणी साचून राहत नाही, धूळ लवकर निघते, चकाकी येते. पण थर इतका पातळ असतो की डंपरमागून उडालेल्या खडीपुढे त्याचं काही चालत नाही. बॉडीला करतच असाल तर हेडलाइटवरही करून घ्या, वेगळे पैसे मोजू नका.

जुन्या गाडीला पॉलिश. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) 800 नंबरपासून सुरू करून बारीक होत 2000-3000 पर्यंत जातात, मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. काच नव्यासारखी होते आणि इथेच लोक फसतात: घासण्यात कारखान्याचा उरलासुरला थरही गेलेला असतो. वरून काही न लावता गाडी उन्हात उभी राहिली की काही महिन्यांत पिवळेपणा परत. त्यामुळे पॉलिशवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा की वर काय मारणार. अतिनील किरण अडवणारा टूके क्लिअर कोट (दोन घटक मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारणार असेल तर उत्तम. टीपीयू लावली तरी चालेल. दोन्ही हवं असेल तर कोट पूर्ण वाळल्याशिवाय फिल्म नको. टूथपेस्टने घासणं म्हणजे वरून काही न लावता केलेलं पॉलिशच, तेही अर्धवट. डास पळवायच्या स्प्रेने काच चमकते ती त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकला वरून मऊ करतं म्हणून, तेव्हा तो प्रयोग करूच नका.

माझा कौल असा: एलईडीची नवी गाडी आणि महामार्गावर येणं-जाणं असेल तर टीपीयू. पिवळी पडलेली जुनी गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर पॉलिश आणि क्लिअर कोट. साध्या हॅलोजन बल्बची छोटी गाडी असेल तर आधी नव्या हेडलाइटचा भाव काढा. काही मॉडेलना तो फिल्मच्या आसपासच निघतो.

आणि टीपीयू घेतलीत तर उरलेला तुकडा दुकानात सोडून येऊ नका. खाली बंपरमधल्या फॉग लॅम्पला खडी सगळ्यात जास्त लागते, त्यांच्यापुरता तो सहज पुरतो.