माइनक्राफ्टच्या समुद्रात खरे वाटणारे प्राणी: अ‍ॅलेक्सेस मॉब्स आणि सोबतचे मॉड

अ‍ॅलेक्सेस मॉब्स हा मॉड (मूळ खेळात भर घालणारी फाइल) जरूर घ्या, पण मिळतो तसाच्या तसा खेळू नका. त्यातले बरेच प्राणी बंद केले, तर उरलेल्यांचं वागणं नीट दिसतं. सगळे चालू ठेवले की समुद्रात गर्दी होते आणि खरेपणा कमी होतो. हे परीक्षण जावा एडिशनच्या १.२०.१ आवृत्तीवरचं आहे. बेडरॉकवर, म्हणजे मोबाइल आणि कन्सोलवर, हे मॉड चालत नाहीत.

आधी मूळ खेळात काय आहे ते पाहू, कारण बरेच जण ते न वापरताच मॉडकडे धावतात. समुद्राचं मोठं अपडेट १८ जुलै २०१८ रोजी आवृत्ती १.१३ मधून आलं. त्यातला सगळ्यात अभ्यासपूर्वक बनवलेला प्राणी म्हणजे कासव. दोन कासवांना समुद्री गवत खाऊ घातलं की त्यातली मादी अंडी घालायला ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच किनाऱ्यावर परत जाते. खऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचंही तसंच असतं. पुण्याहून कोकणातल्या वेळासला पिल्लं पाहायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आता नेमकी चूक कुठे होते ते सांगतो. लोक कासवं पकडून लांबच्या तळ्यात कुंपण घालून ठेवतात आणि मग ती अंडी का देत नाहीत म्हणून वैतागतात. त्या मादीचं घर दुसरीकडे असतं आणि ती कुंपणाला धडका देत बसते.

उपाय असा. सिल्क टच (वस्तू न फोडता उचलणारी जादू) लावलेल्या अवजाराने अंडी उचला आणि हव्या त्या किनाऱ्यावर वाळूवरच ठेवा. वाळूशिवाय ती उबत नाहीत. तिथे फुटलेल्या पिल्लांचं घर तोच किनारा ठरतो आणि पुढची पिढी तिथेच अंडी घालते. अंडी तीन टप्प्यांत तडकतात, बहुतेक वेळा रात्री, आणि तो भाग लोड असेल तरच. म्हणजे अंडी ठेवून दूर भटकायला गेलात तर परत आल्यावर ती होती तशीच दिसतील. झोम्बी अंडी शोधून तुडवतात, म्हणून भोवती भिंत आणि उजेड हवाच. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत हेच केलं: कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवण्यासाठी घरट्यातली अंडी काढून राखलेल्या जागेत पुरायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. खेळात एका वेळी १ ते ४ अंडी, प्रत्यक्षात शंभराच्या आसपास, आणि उबायला साधारण ४५ ते ६० दिवस. वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरतं, हा भाग मात्र खेळात नाही आणि कुठल्याही मॉडने तो आणला तर फार आनंद होईल.

आता मॉड. अ‍ॅलेक्सेस मॉब्स समुद्रात शुक्राणू व्हेल (म्हणजे स्पर्म व्हेल, खेळात तिचं नाव कॅशलॉट), ऑर्का, हातोडी शार्क, राक्षसी माकूळ, उडणारे मासे, नक्कल करणारा ऑक्टोपस, शेवंड असे प्राणी आणतो. यात कॅशलॉटवर केलेलं काम खरोखर मनापासून केलेलं आहे. ती माकूळ शोधते, राक्षसी माकुळाशी झुंजते आणि झोपते ती पाण्यात उभी राहून. खऱ्या शुक्राणू व्हेलही तशाच झोपतात. वादळी पावसात एखादी व्हेल किनाऱ्यावर येऊन अडकते. तिला परत पाण्यात पोचवलं तर अंबरग्रीस मिळतं, म्हणजे तीच ‘व्हेलची उलटी’ जिच्या तस्करीच्या बातम्या आपल्याकडे सतत येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिचा व्यापार गुन्हा आहे. खेळात ती व्हेल वाचवल्याबद्दल मिळते, मारून नाही, ही निवड फार आवडली.

व्हेल वाचवताना लोक हमखास बादलीभर पाणी तिच्या अंगावर ओततात. त्याने काही होत नाही. तिच्या खालची वाळू उपसून समुद्राकडे उतरता चर काढायचा, रुंदी १० ब्लॉकच्या आसपास ठेवायची, कारण अंग मोठं आहे आणि अरुंद चरात ती अडकते. चराच्या तळापर्यंत पूर्ण पाण्याचे ब्लॉक हवेत, नुसता वाहता ओघळ पुरत नाही. फावडं डायमंडचं असेल तर काम लवकर होतं.

हातोडी शार्क भक्ष्याभोवती घिरट्या घालून मग हल्ला करते, हे छान जमलंय. जमिनीवरचे प्राणी ठीकठाक ते उत्तम. पानं तोडून वारुळात नेणाऱ्या मुंग्या अप्रतिम आहेत. वाघ दबा धरताना जवळजवळ पारदर्शक होतो, ही खेळापुरती सोय आहे. ताडोबात वाघ दिसेनासा होतो तो गवत आणि पट्ट्यांमुळे, जादूने नाही.

मुख्य अडचण जागेची आहे. माइनक्राफ्टमध्ये प्रत्येक प्रकारच्या प्राण्यांची कमाल संख्या ठरलेली असते. एकट्याने खेळताना मोठ्या जलचरांची मर्यादा फक्त ५ आहे, छोट्या माशांची २० आणि जमिनीवरच्या प्राण्यांची १०. मॉडने प्रजाती वाढतात, मर्यादा वाढत नाही. म्हणजे पूर्वी माकूळ आणि डॉल्फिन ज्या ५ जागांसाठी होते, त्याच जागांसाठी आता ऑर्का, शार्क, व्हेल आणि ऑक्टोपसही उभे राहतात. परिणाम असा की डॉल्फिन दिसेनासे होतात. आणि डॉल्फिन तर हवेत. त्यांना कच्चा कॉड किंवा सामन दिला की ते बुडालेल्या जहाजाकडे किंवा अवशेषांकडे वाट दाखवतात. समुद्र धुंडाळण्याचं ते सगळ्यात चांगलं साधन आहे.

म्हणून कॉन्फिग फोल्डरमधली या मॉडची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि नको त्या प्राण्यांचं स्पॉन वेट (प्राणी किती वेळा उगवतो तो आकडा) ० करा. खरेपणा हवा असेल तर स्केलवॅग (जहाजांजवळ फिरणारा मेलेला तलवारमासा), सनबर्ड, गस्टर, रॉकी रोलर, मर्मर, फ्रॉस्टस्टॉकर, अंडरमायनर हे सगळे बंद करा. ऑर्का आणि शार्कचं वेट निम्मं करा, व्हेलला हात लावू नका. बदल करताना खेळ बंद असावा. जो प्राणी कायम राहावा असं वाटतं त्याला नेम टॅग (नावाची पट्टी) लावा. तो नाहीसा होत नाही आणि मर्यादेतही मोजला जात नाही.

जुन्या जगात मॉड टाकून ‘हत्ती कुठेत?’ म्हणून विचारणाऱ्यांसाठी: जमिनीवरचे बहुतेक प्राणी चंक (जगाचा १६ बाय १६ ब्लॉकचा तुकडा) पहिल्यांदा तयार होतो तेव्हाच येतात. तुमच्या घराभोवतीच्या चंकमध्ये गाई-मेंढ्यांनी १० ची मर्यादा आधीच भरलेली असते. न पाहिलेल्या प्रदेशात जा, तिथे दिसतील.

दुसरी अडचण कुठल्याच प्राण्याच्या हातातली नाही. माइनक्राफ्टचा ‘खोल समुद्र’ साधारण ३० ब्लॉक, म्हणजे ३० मीटर खोल. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर असते. खऱ्या शुक्राणू व्हेल १००० मीटरच्या खाली बुडी मारतात, इथे त्या जवळजवळ तळ घासत फिरतात. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून जास्त अंतरावर समुद्रात अँग्रिया बँक हे प्रवाळाचं पठार आहे, वरची खोली २० मीटरच्या आसपास. खेळातला सगळा महासागर त्या पठारासारखा आहे. पलीकडचा खोल उतार नाहीच. पाण्याचा दाबही नाही, म्हणून वर झपाट्याने आलं तरी काही होत नाही.

खोलीची उणीव थोडी भरून काढतो तो त्याच निर्मात्याचा २०२३ मधला अ‍ॅलेक्सेस केव्ह्ज. त्यात खोल समुद्राखाली अ‍ॅबिसल कॅझम नावाची अंधारी दरी आहे. कंदीलमासे, तीन लांब काड्यांवर तळाला उभा राहणारा ट्रायपॉड फिश, समुद्रकाकडीच्या कुळातलं सी पिग, आणि तांब्याची पाणबुडी. सी पिग वरून पडणारा सेंद्रिय कचरा, म्हणजे मरीन स्नो, खातं. खऱ्या खोल समुद्राची अन्नसाखळी तशीच चालते. एवढा तपशील खेळात पाहून समाधान वाटतं. डीप वन्स नावाचे माणसासारखे प्राणी मात्र शुद्ध कल्पना आहेत.

बुडी मारायला क्रिएट हा मॉड घ्या. मूळ खेळात श्वास १५ सेकंद टिकतो, हेल्मेटला रेस्पिरेशन ३ ही जादू लावली तर ६० सेकंद. क्रिएटमधलं तांब्याचं डायव्हिंग हेल्मेट आणि पाठीवरची हवेची टाकी मिळून सुमारे १५ मिनिटं देतात. टाकी जमिनीवर ठेवून फिरत्या दांड्याला जोडली की भरते, पाणचक्की पुरते. सोबतचे जड बूट घातले की तळावर चालता येतं. मालवणला स्कूबा केलेल्यांना तळ निरखत हळू जाण्याची मजा माहीत असेल, ती इथे मिळते. मासेमारीची हौस असेल तर अ‍ॅक्वाकल्चर २ बायोमप्रमाणे, म्हणजे प्रदेशाच्या प्रकाराप्रमाणे, वेगवेगळे मासे देतो, पण समुद्राच्या वागण्यात त्याने फरक पडत नाही.

बसवताना क्रम पाळा. लाँचरमधून १.२०.१ एकदा चालवून बंद करा. फोर्ज या लोडरच्या (मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ४७ मालिकेचा इन्स्टॉलर चालवा, त्यासाठी जावा १७ लागतं. मग मॉड्स फोल्डरमध्ये अ‍ॅलेक्सेस मॉब्स, अ‍ॅलेक्सेस केव्ह्ज, क्रिएट आणि सिटाडेल टाका. पहिल्या दोघांना सिटाडेल हा सहाय्यक मॉड अनिवार्य आहे, ते विसरलं की खेळ सुरूच होत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॅब्रिक या दुसऱ्या लोडरची फाइल फोर्जमध्ये टाकणं. फाइलच्या नावात लोडर आणि आवृत्ती दोन्ही तपासा. मॉड फुकट आहेत, पण कर्सफोर्ज किंवा मॉडरिंथवरूनच घ्या, भलत्या साइटवरून नको. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर हा व्हायरस कर्सफोर्जवरच्या काही मॉडमध्येही शिरला होता, तेव्हा अँटिव्हायरस चालू ठेवा.

रॅमचं गणित: लाँचरच्या जेव्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये एक्सएमएक्सपुढचा (-Xmx, खेळाला द्यायची रॅम) आकडा ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी, १६ जीबीच्या मशीनवर ६ जीबी. याहून जास्त दिली की विंडोज गुदमरतं आणि खेळ उलट अडखळतो. ८ जीबीवर केव्ह्ज आणि क्रिएट एकत्र नीट चालत नाहीत. रॅम वाढवायला पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणार असाल तर आधी लॅपटॉपला मोकळा स्लॉट आहे का आणि रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५, हे पाहून जा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच जोडलेली असते. सोबत एम्बेडियम आणि फेराइटकोर हे मॉड टाका, फ्रेम वाढतात आणि रॅम वाचते. सिम्युलेशन डिस्टन्स (तुमच्याभोवती किती चंकपर्यंत जग हलतं ते) कमी करून ५ वर आणू नका. त्याबाहेरचे प्राणी थिजतात, आणि ८० ब्लॉकवरची व्हेल जागच्या जागी उभी दिसते.

खेळ दर ५ मिनिटांनी आपोआप सेव्ह होतो. नेमकं त्याच क्षणी वीज गेली तर चंक बिघडू शकतात, तेव्हा डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस लावावा आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असेल तर सकाळीच सेव्हज फोल्डरची प्रत काढून ठेवावी. कुठलाही मॉड काढून टाकण्याआधीही हीच प्रत लागते, कारण मॉड काढला की त्याचे प्राणी आणि ब्लॉक त्या जगातून कायमचे जातात.