रंगवलेली फौज विकत घेताय? रंगाखाली काय आहे ते आधी बघा

वॉरगेमची (टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धाच्या खेळाची) रंगवलेली फौज कुणाकडून ऑनलाइन घेणार असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले. ज्या रीतीने गेले, त्या रीतीने आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

जाहिरात अशी होती: आता बाजारात न मिळणाऱ्या संचातली पायदळाची अख्खी तुकडी, सगळे मिनी (म्हणजे या छोट्या मूर्ती) मूळ कंपनीच्या प्लॅस्टिकचे, हाताने रंगवलेले. फोटो खरोखर देखणे होते. पुढे लाल झग्याचा निशाणवाला. झग्याच्या चुण्यांत गडद वॉश (खोलगट जागी साचणारा पातळ रंग) नेमका उतरलेला, कडांवर नारिंगी हायलाइटची केसाएवढी रेघ. 28 मिलिमीटर मापाच्या मूर्तीवर अशी रेघ ओढायला रंग किती पातळ आणि हात किती स्थिर लागतो, हे ब्रश धरणाऱ्यालाच कळतं. मागच्या रांगा मात्र धूसर होत्या. त्यांचे जवळून फोटो मागितले तर उत्तर आलं, "सगळे एकाच हातचे आहेत हो. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी पैसे देतंय, हवं असेल तर आत्ताच सांगा." वर, साइटवरून पैसे भरले की कमिशन कापलं जातं, म्हणून थेट खात्यावर पाठवा. पैसे तसेच गेले.

पार्सलमध्ये निशाणवाला होता, पण फोटोतला नव्हे. पोझ तीच, रंग मात्र जाड थापलेला. प्राइमर (रंगाखालचा स्प्रेचा थर) लांबून मारल्यामुळे हवेतच सुकून बसलेला, म्हणून गालांवर रवाळ खरखर. त्यावर काळपट वॉश सरसकट ओतलेला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी रंग उतरवून नव्याने सुरुवात केली असती. ते काम मला आवडतंही. पण तो जाड रंग हौशी हाताचा नव्हता, खालचं झाकण्यासाठी होता.

ते कळलं सरदाराची पोझ बदलताना. मूळ संचात त्याची तलवार छातीशी आडवी आहे. मला ती पुढे रोखलेली हवी होती, म्हणजे हात खांद्यातून सोडवायचा, पितळी तारेची पिन घालायची आणि फट ग्रीन स्टफने (मळून लावायच्या हिरव्या पुट्टीने) बुजवायची. बारीक करवतीने खांदा कापला तर आत पिवळसर पांढरं काहीतरी, आणि कापाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. हवेचा बुडबुडा. सुरी लावली की प्लॅस्टिकची साल वळत निघते. इथे नुसती भुकटी पडत होती. मग प्लॅस्टिक सिमेंट लावून पाहिलं. हे सिमेंट पॉलिस्टायरीनचा (मूळ मिनी ज्या प्लॅस्टिकचे असतात त्याचा) पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन भाग एकजीव करतं. इथे ते काही न करता उडून गेलं. रेझिनवर (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेवर) त्याचा जोड बसतच नाही, तिथे सुपरग्लूच लागतो.

म्हणजे अख्खी तुकडी रिकास्ट होती. मूळ मिनीवरून सिलिकॉनचा साचा काढायचा, त्यात रेझिन ओतायचं आणि नक्कल मूळ म्हणून विकायची. साच्याच्या नकलेत माप जरासं आकसतं. ते डोळ्यांना दिसत नाही, सांध्याला कळतं. माझ्याकडच्या मूळ संचातला जादा हात या खांद्यावर ठेवला तर तो बाहेर उरला. साखळी चिलखताच्या कड्या एकमेकींत मिसळल्या होत्या, बोटांची टोकं बुडबुड्यांनी खाल्लेली. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवणं, उठाव नेमका पकडतो. इथे पकडायला उठावच नव्हता.

रेझिन वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. कितीतरी उत्तम शिल्पकार आपल्या मूर्ती रेझिनमध्येच काढतात आणि तसं सांगून विकतात. फसवणूक न सांगण्यात आहे, आणि ती खिशापुरती राहत नाही. प्लॅस्टिक समजून तुम्ही ते कोरडंच घासत बसता, आणि रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं घातक. ते पाणी लावून, मास्क घालून घासायचं असतं. काही कंपन्यांच्या अधिकृत स्पर्धांत रिकास्ट चालत नाहीत, म्हणजे फौज रंगवून तयार झाली तरी टेबलावर उतरवता येत नाही. आणि ज्याने मूळ मूर्ती घडवली, त्याला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून विकणाऱ्याकडे फोटो मागताना तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी मिनीशेजारी ठेवायला सांगा. तुकडीतले कुठले मिनी उचलायचे ते तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका. पाठ, बगल आणि पाय बेसला (मूर्तीखालच्या चकतीला) चिकटतात ती जागा जवळून मागा, कारण रंग तिथे कमी पोहोचतो आणि खालचा पदार्थ दिसतो. गोलसर खांद्यावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या बारीक पायऱ्या दिसल्या तर तो थ्री-डी प्रिंट आहे. जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि साइटबाहेर पैसे मागणाऱ्याशी तिथेच व्यवहार थांबवा. माल हातात आला की एखाद्या सांध्याच्या आत, दिसणार नाही अशा जागी रंग खरवडून सिमेंटचा एक थेंब लावा. पॉलिस्टायरीन असेल तर ती जागा लगेच चिकट होते.

विकणाऱ्याने आधी "रंगवलेला माल परत घेत नाही" म्हटलं, नंतर मला ब्लॉक केलं. पैसे बाहेरून दिले म्हणून साइटने हात वर केले. मी स्वतःच पाठवलेली रक्कम परत फिरवता येत नाही, असं बँकेने कळवलं. सगळे मेसेज आणि कापलेल्या खांद्याचे फोटो जोडून सायबर तक्रार केली आहे, अजून उत्तर नाही.

तो निशाणवाल्याचा फोटो आता दुसऱ्याच नावाने फिरतोय. ओळखायची खूण: निशाणाच्या काठीशेजारी बेसवरच्या दगडाचा टवका उडालाय आणि आतलं पांढरं दिसतंय. तो फोटो लावून कुणी विकत असेल, तर त्याच मिनीची पाठ, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून, दाखवायला सांगा.